मामी, टेकडी आणि माझा उजवा खांदा

नाशिकच्या आजूबाजूला डोंगरांची कमतरता नाही. पण त्या डोंगरांना शिस्त लावू पाहणारी बाई माझ्या माहितीत एकच झाली, आणि ती म्हणजे माझ्या बायकोची थोरली मामी. सकाळी साडेसहाला टेकडीच्या माथ्यावर कमरेवर हात ठेवून मामी उभ्या राहायच्या, समोरच्या रामशेजकडे रोखून बघायच्या आणि म्हणायच्या, "आज हा नीट उभा नाही." मग पाचेक मिनिटांनी धुकं जरासं हललं, किल्ल्याची कड स्वच्छ दिसली, की मागच्या बाकावरच्या पोराने अखेर पाठ ताठ केल्यावर शाळेतल्या बाईंनी डोलवावी तशी त्या समाधानाने मान डोलवायच्या. किल्ला तिथे शेकडो वर्षं उभा होता, पण त्याच्याकडे कुणीतरी लक्ष द्यायला हवं होतं आणि ते काम आपल्या वाट्याला आलं आहे, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती.

हे सगळं सुरू झालं मामांच्या निवृत्तीमुळे. मामा पाटबंधारे खात्यात होते. निरोपसमारंभात कचेरीतल्या लोकांनी त्यांना शाल, नारळ आणि एक कॅमेरा दिला. शाल मामांनी पांघरायला घेतली, नारळाच्या वड्या झाल्या आणि कॅमेरा त्याच्या चामडी पिशवीसकट कपाटात गेला. "तीस वर्षं कालवे बघितले, आता मला काही बघायचं नाही," असं जाहीर करून मामा वर्तमानपत्रात शिरले. त्याच सुमाराला मामींच्या रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. इंदिरानगरच्या रस्त्यांवरून मामी चार दिवस चालल्या आणि पाचव्या दिवशी त्यांनी ते बंद केलं. सपाटीवर चालायचं ते दूध आणायला, असं त्यांचं म्हणणं होतं. नुसतंच चालायचं तर कुठेतरी वर पोचलं पाहिजे, आणि वर पोचल्यावर काहीतरी करून खाली आलं पाहिजे. मग त्यांनी कपाटातून कॅमेरा काढला आणि मला बोलावणं पाठवलं.

मलाच का, तर माझ्याकडे स्कूटर होती, आणि माझं लग्न होऊन अवघे आठ महिने झाले होते. इतक्या ताज्या जावयाला नाही म्हणता येत नाही हे मामींना पक्कं ठाऊक होतं. माझी बायको म्हणाली, "जाऊन या ना एकदा, तिला बरं वाटेल," आणि कुशीवर वळून झोपली. त्या एकदाची पुढे अकरा वर्षं झाली.

टेकडी म्हसरूळ सोडून दिंडोरी रस्त्याने पुढे गेलं की उजव्या हाताला. तिला धड नाव नव्हतं. पायथ्याच्या लोकांना विचारलं तर ते 'टेकडी' एवढंच म्हणायचे. चढायला फार तर वीस मिनिटं. पण मामींबरोबर चढायचं तर त्याचे नियम होते, आणि पहिला नियम असा की वर पोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. "अर्ध्यावरून बघितलं की वर जाईपर्यंत शिळं होतं," त्या म्हणायच्या. एकदा बुटात खडा गेला म्हणून मी थांबलो आणि सहज मान वळवली, तर त्या दिवशी माझ्या वाटणीचा चहा त्यांनी थर्मासमध्येच ठेवला. मला त्या नेहमी 'अहो जावईबापू' म्हणायच्या, 'तुम्ही'शिवाय कधी हाक मारली नाही. त्यांची सगळी हुकूमशाही अशी आदरार्थी बहुवचनात चालायची, आणि आदराने सांगितलेल्या गोष्टीला विरोध कसा करायचा हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

माथ्यावर एक बसका दगड होता. त्यावर मी पश्चिमेकडे तोंड करून बसायचं. मामी माझ्या मागे उभ्या राहायच्या आणि कॅमेरा माझ्या उजव्या खांद्यावर टेकवायच्या. तीन पायांचं स्टँड मिळतं असं मी एकदा सुचवून पाहिलं होतं. त्यावर त्या म्हणाल्या, "ते वाहून कोण नेणार? तुम्हालाच न्यावं लागेल. त्यापेक्षा हे बरं नाही का?" त्यांच्या दृष्टीने हा माझ्यावरचा उपकार होता. मग त्या एक डोळा मिटायच्या आणि माझ्या कानाशी म्हणायच्या, "आता श्वास रोखता का जरा?" मी रोखायचो. ढगाची कड सरकायची, एखादा बगळा मधे यायचा, तो जाईपर्यंत थांबावं लागायचं. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले की मागून खट असा आवाज यायचा. पुढे माझं वजन वाढलं तेव्हा त्यांनी त्याचीही दखल घेतली. "जावईबापू, तुमचा खांदा वर आलाय. जमीन कमी येतेय आणि आकाशच जास्त येतंय." माझ्या वजनाचं इतकं नेमकं मोजमाप कुठल्या डॉक्टरनेही केलं नाही.

एका रविवारी दोनच फोटो, हा दुसरा नियम. छत्तिसांचा रोल संपायला साडेचार महिने लागले. पहिला रोल आम्ही रविवार कारंजाजवळच्या एका स्टुडिओत धुवायला दिला आणि तीन दिवसांनी आणायला गेलो. दुकानदाराने पाकीट पुढे न करता आधी मामींना स्टुलावर बसायला सांगितलं. म्हणाला, "काकू, रोल आत अडकलाच नव्हता. तो जागेवरून हललाच नाही. साडेचार महिने तुम्ही नुसता आवाज काढलात." मला एकदम माझे सगळे रोखलेले श्वास आठवले. मामींनी तो कोरा रोल उजेडाकडे धरून नीट बघितला, पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "सराव झाला." मग शांतपणे नवा रोल घेतला आणि तो कसा घालायचा ते दुकानदाराकडून चार वेळा करवून घेतलं.

माणसांचे फोटो त्या काढत नसत. "माणसं लग्नात काढतात." एकदा पुण्याहून आलेले सहा पाहुणे हौसेने आमच्याबरोबर टेकडीवर आले. मामींनी त्यांना ओळीत उभं केलं, उंचीप्रमाणे पुढेमागे केलं, एकीला पदर सारखा करायला लावला. पाहुणे खूश झाले. फोटो धुऊन आला तेव्हा त्यात द्राक्षबागा होत्या, रामशेज होता आणि उजव्या कडेला कुणाचं तरी कोपर होतं. मामी म्हणाल्या, "ते कोपर चुकून आलं." पाहुण्यांना त्यांनी उभं केलं होतं ते फक्त मधे येऊ नयेत म्हणून.

प्रत्येक फोटोच्या मागे त्या बारीक अक्षरात नोंद करायच्या. वार, वेळ, हवा, खाली शेतात काय चाललं आहे, आम्ही काय खाल्लं आणि माझी कामगिरी. 'डिसेंबर, दुसरा रविवार. सकाळी सहा पंचावन्न. धुकं. बागेत फवारणी, पानं निळसर. थालीपीठ तीन. जावई दमले.' असे अल्बमच्या अल्बम भरले. नवा अल्बम आला की मामी तो मामांच्या पुढ्यात ठेवायच्या. मामा पानं उलटायचे आणि म्हणायचे, "हा मागच्याच वेळचा आहे ना?" मामी म्हणायच्या, "मागच्या वेळी ढग डावीकडे होता." मामा पुन्हा बघायचे, चष्मा वर करायचे आणि म्हणायचे, "कालव्याला पाणी सोडलेलं दिसत नाही." एवढंच. मामी अल्बम मिटून आत न्यायच्या. त्या वेळी त्यांचा चेहरा बघून मला मामांचा राग यायचा, पण खरं सांगायचं तर मलाही ढगाचा फरक कळलेला नसायचा.

टेकडीच्या पायथ्याशी केरूनानांची द्राक्षबाग होती. नाना पन्नाशीचे, सडपातळ, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले, कमी बोलणारे. दर रविवारी आम्ही त्यांच्या बांधावरून वर जायचो आणि ते मान हलवायचे, एवढीच ओळख. तिसऱ्या वर्षी नानांनी बागेच्या कडेला पत्र्याची शेड उभी केली, आणि त्या रविवारी मामी माथ्यावरून एकही फोटो न काढता खाली उतरल्या. थेट नानांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"नाना, तुमचा पत्रा माझ्या फोटोत चमकतो."

नानांनी आधी शेडकडे बघितलं, मग टेकडीकडे, मग माझ्याकडे. मी जमिनीकडे बघितलं.

"मावशी," नाना म्हणाले, "पत्रा माझ्या रानात हाय. तुमच्या फोटूत तो आपला आपण येतो."

"दोन हात डावीकडे घेतला असता तर आंब्याच्या मागे गेला असता."

"आंब्याच्या मागं हीर हाय."

विहीर हलवणं शक्य नाही हे मामींना मान्य करावं लागलं. मग त्यांनी विचारलं, हिरवा रंग देता येईल का. नाना म्हणाले, "पत्र्याला रंग? लय झालं मावशी. आमच्या घराला अजून रंग नाय." त्यावर मामींना हसू आलं आणि नानांनाही. त्या दिवशी आम्ही त्यांच्या ओट्यावर चहा घेतला. तेव्हापासून दर रविवारी उतरताना चहा ठरून गेला. मामी अल्बम घेऊन जायच्या आणि नाना ते मन लावून बघायचे. आपलंच रान वरून कसं दिसतं हे त्यांना माहीत नव्हतं, कारण टेकडीवर ते लहानपणी शेळ्यांमागे गेले असतील तेवढेच. फोटोवर बोट ठेवून ते म्हणायचे, "ही वळ पातळ हाय बघा. इथं पाणी पोचंना." मामींच्या फोटोकडे इतक्या बारकाईने बघणारा हा पहिलाच माणूस. मामींनी त्यांना आपला फोन नंबर लिहून दिला. फवारणी करायची असेल तर आदल्या दिवशी कळवा, पानं निळी येतात.

तो फोन नानांनी कधीच केला नाही. एका वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी, घड भरून तोडणीला आले असताना, शुक्रवारी दुपारी गारा पडल्या. शहरात आमच्या गच्चीवर पोरांनी त्या वेचून खाल्ल्या. शनिवारी सकाळी मला कचेरीत मामींचा फोन आला. "जावईबापू, उद्या नाही. आत्ता निघायचं." मी म्हणालो, मामी, हे फोटो काढायला जाण्यासारखं नाही, बरं दिसत नाही ते. त्या म्हणाल्या, "मी कुठे म्हटलं बरं दिसतं?" आणि फोन ठेवला.

नाना बांधावर बसले होते. बागेत पानं उरली नव्हती. घड फुटून खाली पडले होते आणि सगळीकडे आंबूस वास सुटला होता. मामींनी सांत्वनाचा एक शब्दही काढला नाही. "पंचनामा कधी आहे?" एवढंच विचारलं.

"तलाठी सोमवारी येतो म्हणलाय," नाना म्हणाले. "पण येऊन काय लिहिल? सातबाऱ्यावर अजून बाजरीच हाय. वेल लावले तवापासून नोंद बदलायची ऱ्हायली. कागदावर माझी बागच नाय, मावशी."

मामींनी कॅमेरा बाहेर काढला. टेकडी त्या दिवशी त्या दहा मिनिटांत चढल्या असतील. मी धापा टाकत दगडावर बसलो, पण माझ्या खांद्याची त्यांना गरज पडली नाही. उभ्या उभ्याच त्यांनी चार फोटो काढले. मग खाली आल्या आणि ओळीओळीतून चिखलात फिरून फुटलेले घड, मोडलेल्या काड्या, वाकलेले खांब, सगळं टिपलं. नानांना बागेच्या मधोमध उभं करून त्यांचाही फोटो काढला. रविवारी दोनच फोटो काढणाऱ्या मामींनी छत्तिसांचा रोल पाऊण तासात संपवला. तिथून थेट स्टुडिओ. "सोमवारी सकाळी हवेत," त्यांनी दुकानदाराला सांगितलं, आणि त्याने रविवारी दुकान उघडून ते दिले.

सोमवारी तलाठी आले. तरुण, समंजस माणूस होता, पण सातबारा पुढे धरून म्हणाला, "नाना, मला दिसतंय सगळं. पण ही बाग कधीपासूनची, किती गुंठ्यांत, हे मी कशावरून लिहू?" तेव्हा मामींनी पिशवीतून चार वर्षांचे अल्बम काढले आणि खाटेवर ओळीने मांडले. एकाच दगडावरून, एकाच दिशेने, दर रविवारी काढलेले चार वर्षांचे फोटो. पहिल्या अल्बममध्ये काठीएवढे वेल, मग मांडव, मग पहिलं पीक. तलाठ्यांनी एक फोटो बाहेर काढला, उलटा केला आणि कामकाजाच्या सुरात मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"'जानेवारी, तिसरा रविवार. सकाळी सात. बाग भरली, घड वरून दिसतात. साबुदाण्याची खिचडी. जावई चढताना तीनदा बसले.'" ते थांबले. "हे जावई कोण?"

मी हात वर केला.

"'फेब्रुवारी, पहिला रविवार. नवी वीस ओळींची लावण पूर्ण. शिरा. जावयांनी श्वास सोडला, फोटो हलला.'" भोवती जमलेला गाव हसायला लागला. तीन दिवसांत तिथे पहिल्यांदाच कुणी हसत होतं. नानासुद्धा टॉवेलात तोंड घालून हसले. तलाठ्यांनी मात्र गंभीरपणे ओळी मोजल्या, फोटोंवर क्रमांक घातले आणि पंच म्हणून गावातल्या दोघांबरोबर माझीही सही घेतली. पंचनाम्यात द्राक्षबाग लिहिली गेली. पुढे नोंदही बदलली. भरपाई यायची तेव्हा आली आणि ती काही मोठी नव्हती, पण नाना म्हणाले, "बाग कागदावर आली, आता ती माझी झाली." दोन वर्षांनी वेल पुन्हा भरले.

पंचनाम्याच्या दिवशी संध्याकाळी मामांनी स्वतःहून अल्बम मागितले. एका बैठकीत सगळे बघितले आणि म्हणाले, "ढग खरंच डावीकडे होता." मामींनी ऐकलं न ऐकलंसं केलं, पण दुसऱ्या दिवशी साखरेची पर्वा न करता पुरणपोळ्या झाल्या.

नानांनी त्या उन्हाळ्यात शेडच्या पत्र्याला हिरवा रंग दिला. आम्हाला न सांगता. मामी माथ्यावर गेल्या, कॅमेऱ्यातून खूप वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता तो दिसतच नाही. फोटोत काहीतरी कमी वाटतं." हे त्यांनी नानांना कधी कळू दिलं नाही. मलाही शपथ घातली.

पुढे मामींचे गुडघे कुरकुरायला लागले. वीस मिनिटांच्या चढाला तास लागायला लागला. आमच्या शेवटच्या खेपेला वर पोचल्यावर त्यांनी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. दगडावर माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून सात घरं बदलली, जावईबापू. सरकारी क्वार्टर, भाड्याची, मग ही सोसायटी. एकाही घराच्या खिडकीतून लांबचं दिसलं नाही. समोरच्यांचं मोरीचं भोक दिसायचं. पहिल्यांदा इथे आले तेव्हा वाटलं, एवढं सगळं रोज इथे होतं आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही." मी विचारलं, हे आधी का नाही बोललात? त्या म्हणाल्या, "आधी तुम्ही श्वास रोखून बसलेले असायचात."

मामींच्या मुलाने पुण्यात नवव्या मजल्यावर घर घेतलं आणि मामामामी तिकडे गेले. तोवर माझ्याकडे मोबाइल आला होता. एका ऑक्टोबरात त्यांचा फोन आला. मी विचारलं, आता तर खिडकीतून लांबचं दिसत असेल. "दिसतं ना," त्या म्हणाल्या. "इमारती दिसतात. त्यांच्यामागे इमारती दिसतात." मग म्हणाल्या, "नानांची छाटणी झाली का हो?" मला माहीत नव्हतं. बघून सांगतो म्हणालो.

रविवारी एकटाच गेलो. अकरा वर्षांत त्या टेकडीवर एकटा कधी चढलो नव्हतो. माथ्यावर जाऊन त्यांना फोन लावला आणि म्हणालो, झालीय छाटणी. मला वाटलं, संपलं काम.

"असं नाही," त्या म्हणाल्या. "डावीकडून सांगा."

मी डावीकडून सांगायला लागलो. म्हसरूळच्या बाजूला दोन नव्या इमारती उभ्या राहताहेत. मग रस्ता, त्यावर एक ट्रॅक्टर, मागे भाजीचे कॅरेट लादलेले. मग आंबा. मग बाग, वेल उघडे झालेत, खाली काड्यांचे ढीग पडलेत, नाना बांधावर उभे आहेत आणि मला बघून हात करताहेत. मग पलीकडची रानं, कुठे हिरवी, कुठे नांगरलेली. मग रामशेज, त्याच्या पायाशी थोडं धुकं, वर ऊन आलंय. माझं सांगून झालं. पलीकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं, रेंज गेली.

"मामी, आहात ना?"

"आहे," त्या म्हणाल्या. "थांबू नका."

मी दगडावर नीट बसलो आणि पुन्हा डावीकडून सुरुवात केली.